पायी पाहण्याजोगी राजधानी : पोर्ट लुई

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर, पाठीशी डोंगर आणि पुढ्यात बंदर अशा बेचक्यात वसलेली आहे. वस्ती दीड लाखाच्या घरात, म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम शहराएवढीही नाही. बाजार, जुने धक्के, संग्रहालये, मशीद, चिनी वस्ती, घोड्यांच्या शर्यतींचे मैदान आणि टेकडीवरचा किल्ला हे सगळे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तरीही मॉरिशसला जाणारे बहुतेक भारतीय प्रवासी समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात उतरतात आणि राजधानी गाडीच्या काचेतून पाहून पुढे निघतात. किनाऱ्यावर वाळू आणि निळे पाणी भरपूर मिळते. पण हे बेट कोणत्या माणसांनी उभे केले आणि ती आज काय खातात, काय विकतात, कुठे हात जोडतात, हे पाहायचे तर एक अख्खा दिवस पोर्ट लुईला द्यावा लागतो.

या दिवसाचे वेळापत्रक दोन गोष्टी ठरवतात. पहिली म्हणजे ऊन. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे वीस अंशांवर असल्याने ऋतू आपल्या उलट चालतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा उन्हाळा आणि तोच पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ. मे ते ऑक्टोबर सौम्य हिवाळा. समुद्रावरून वर्षभर वाहणारे आग्नेय वारे बेटाच्या मधल्या पठारावर पाऊस टाकून मोकळे होतात आणि डोंगरांच्या आडोशाला असलेल्या राजधानीपर्यंत त्यांचा गारवा पोहोचत नाही. त्यामुळे पठारावरच्या क्युरपीप गावी लोक स्वेटर घालून असतात त्याच दिवशी पोर्ट लुईत सदरा पाठीला चिकटतो. दुसरी गोष्ट म्हणजे या शहराला रात्र नाही. कचेऱ्या आणि दुकाने संध्याकाळी पाचच्या सुमारास मिटतात, शनिवारी बरीचशी दुपारीच, आणि रविवारी अर्ध्याअधिक रस्त्यांवर शुकशुकाट असतो. म्हणून दिवस कामाचा निवडावा आणि सुरुवात सकाळी लवकर करावी.

लोक संध्याकाळी शहर सोडून जातात यामागे जुने कारण आहे. १८६६ ते १८६८ या काळात बेटावर मलेरियाची भयंकर साथ आली आणि पोर्ट लुईत माणसे हजारोंनी दगावली. ज्यांना परवडत होते त्यांनी थंड, उंच पठारावर घरे बांधली आणि बंदरात फक्त कामापुरते उतरायचे असा शिरस्ता पडला. पुढे १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, युरोपातून हिंदुस्थानकडे येणाऱ्या जहाजांना आफ्रिकेला वळसा घालायची गरज उरली नाही आणि या थांब्याचे महत्त्वही ओसरले. साथ गेली, कालवा जुना झाला, पण रोज सकाळी शहर भरायचे आणि संध्याकाळी रिकामे व्हायचे ही सवय मात्र राहिली.

बंदर मुळात डचांना ठाऊक होते. ते १५९८ मध्ये बेटावर उतरले, राजपुत्र मॉरिसच्या नावावरून त्यांनी बेटाला नाव दिले आणि १७१० मध्ये सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला. त्यांचा गव्हर्नर माहे द ला बूर्दोने १७३५ मध्ये आला आणि त्याने या चिखलाट किनाऱ्याचे शहर केले. गोदी, कोठारे, रुग्णालय, पाण्याचा पाट, सरकारवाडा ही सगळी त्याची कामे. त्यासाठी पाँडिचेरीहून तमिळ कारागीर आणले होते आणि अंगमेहनत आफ्रिका नि मादागास्करच्या गुलामांची होती. शहराचे नाव फ्रान्सच्या पंधराव्या लुई राजावरून पडले. १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले, पण फ्रेंच जमीनदारांची भाषा, धर्म आणि कायदे त्यांनी तसेच राहू दिले. म्हणूनच आजही इथे सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये आणि भांडण क्रिओल बोलीत चालते.

सकाळचा पहिला मुक्काम मध्यवर्ती बाजार. इथे त्याला सगळे बाझारच म्हणतात. लोखंडी कमानीच्या दरवाजावर व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे अजून आहेत. आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती वासाची. ओली कोथिंबीर, पिकलेला अननस आणि कढीलिंब यांचा एकत्र वास मराठी नाकाला अजिबात परका वाटत नाही. भाज्यांच्या ढिगांत भेंडी, कारली, दोडकी, दुधी, पडवळ, वांगी आणि लाल भोपळा ओळखीचे निघतात. नावे तेवढी बदललेली असतात. भेंडीला लालो म्हणतात आणि कोथिंबिरीला कोतोमिली, जे तमिळातून आले हे सांगायला नको. ब्रेद म्हणजे पालेभाजी. तिच्या जुड्या बांबूच्या कामट्यांवर नव्हे, चक्क ओल्या गोणपाटावर मांडलेल्या दिसतात आणि विकणारा दर थोड्या वेळाने त्यांवर पाणी शिंपडतो. शेवग्याचा पाला इथे शेंगेपेक्षा जास्त खपतो. दर बहुधा अर्ध्या पौंडाचा सांगतात, आणि हा पौंड पाचशे ग्रॅमचा धरलेला असतो. म्हणजे पावशेराचा भाव ऐकून पाहुण्याने किलोचा समजू नये, नाहीतर सगळेच स्वस्त वाटू लागते.

फळांत मानाचे स्थान छोट्या व्हिक्टोरिया अननसाला आहे. तो हातात मावेल एवढा, गर्द पिवळा आणि मधापेक्षा थोडाच कमी गोड असतो. विक्रेता देठ हातात धरून धारदार सुरीने साल काढतो, मग काळे डोळे तिरप्या खाचांनी असे कापत जातो की सोललेला अननस मळसूत्रासारखा दिसतो. उभे चार काप करून देठाला तसेच जोडलेले ठेवतात आणि वर चिंचेचा कोळ, मीठ आणि वाटलेली मिरची लावून देतात. याच प्रकारे कच्चा आंबा आणि काकडीही मिळते. नोव्हेंबर-डिसेंबरात लिचीचे घोस येतात आणि मग काही आठवडे दुसरे कोणतेही फळ कोणी विचारत नाही.

भाजीच्या दालनात वनौषधींचे गाळे आहेत आणि ते चुकवू नयेत. सुकी पाने, साली, मुळ्या यांच्या पुडक्यांवर मधुमेहापासून वजनापर्यंत प्रत्येक तक्रारीचे नाव लिहिलेले असते आणि पाण्यात उकळून प्यायचे काढे म्हणून ती विकली जातात. गुण येतो की नाही ही गोष्ट निराळी. पण आफ्रिकी, भारतीय, चिनी आणि फ्रेंच घरगुती वैद्यक एका फळीवर रचलेले दुसरीकडे सहसा पाहायला मिळत नाही. मटण-मासळीची दालने रस्त्यापलीकडे, फार्कार रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला आहेत. वरच्या मजल्यावर कापड, टोप्या, व्हॅनिलाच्या शेंगा, उसाच्या तपकिरी साखरेच्या पिशव्या आणि सर्व आकारांचे डोडो मांडलेले असतात. खाली भाजीवाल्याशी घासाघीस करण्यात अर्थ नाही, वर मात्र ती न केली तर विक्रेत्यालाच चुकल्यासारखे वाटते. वर घेण्यासारखी खरी वस्तू म्हणजे केवड्याच्या जातीच्या वाकोआ झाडाच्या पानांची विणलेली पिशवी. पूर्वी तीत साखर भरून परदेशी जात असे, आज बाया तीतून बाजार नेतात.

पैसे देताना नोट जरा निरखून पाहावी. मॉरिशसचे चलनही रुपयाच आहे. हिंदुस्थानातून मजूर, तांदूळ आणि व्यापारी आले त्यांच्या मागोमाग रुपया आला आणि १८७० च्या दशकात तो अधिकृत झाला. नोटेवर इंग्रजी, तमिळ आणि हिंदी अशा तीन भाषांत किंमत छापतात. १९९८ मध्ये नव्या नोटांवर हिंदी तमिळच्या वर गेली, तमिळ समाजाने जोरदार हरकत घेतली आणि त्या नोटा परत घ्याव्या लागल्या. एवढ्याशा बेटावर इतके समाज एकत्र नांदतात त्यामागे अशी बारीक मोजमापे सतत चालू असतात.

बाजारातून उत्तरेला चालत गेले की थोड्याच वेळात आप्रवासी घाट लागतो. युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून जाहीर केलेली ही जागा जेमतेम १,६४० चौरस मीटर आहे आणि भव्य असे इथे काहीही नाही. काळ्या दगडाच्या काही भिंती, एक फाटक, रुग्णालयाच्या स्वयंपाकघराचे आणि शौचकूपांचे अवशेष आणि घाटाच्या पायऱ्या, एवढेच शिल्लक आहे. पायऱ्या पूर्वी पाण्यात उतरत. आता समुद्र भराव घालून मागे सारला आहे आणि मधून मोटाररस्ता गेला आहे, त्यामुळे ज्या घाटावर माणसे होडीतून उतरत तिथे गाड्यांची घरघर ऐकू येते. मजुरांना उतरवून घेणाऱ्या इथल्या डेपोची बरीच जागा आधी रेल्वेने आणि मग रस्त्याने खाल्ली.

इतिहास असा की ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी संपवण्याचा कायदा झाला आणि मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ ला तो लागू झाला. उसाच्या मळ्यांना माणसे हवीच होती. गुलामांच्या जागी कराराने बांधलेले मजूर आणून ‘मोकळ्या’ श्रमावर मळे चालतात का, हे पाहण्यासाठी ब्रिटिश सरकारने मॉरिशसची निवड केली. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘ॲटलास’ जहाजातून कलकत्त्याहून आलेले मजूर उतरले. तिथून विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे या बंदरात आली, त्यातली बहुतेक हिंदुस्थानातून. आजही २ नोव्हेंबरला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी असते. प्रयोग सरकारच्या दृष्टीने इतका यशस्वी ठरला की त्याच पद्धतीने पुढे गयाना, त्रिनिदाद, नाताळ आणि फिजीला माणसे गेली.

डेपोचे आजचे अवशेष १८४९ आणि त्यानंतरच्या बांधकामाचे आहेत. जहाजातून उतरलेल्या माणसाचे नाव, गाव, जात, वय, अंगावरच्या खुणा हे सारे वहीत उतरवले जाई, क्रमांक दिला जाई आणि एक-दोन दिवसांत मळ्याचा मालक त्याला घेऊन जाई. पुढे ओळखपत्रासाठी छायाचित्रेही काढू लागले. या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत आणि आपला पणजा कोणत्या गावाहून आला हे शोधायला मॉरिशसची माणसे अजून तिथे जातात. घाटाशेजारच्या माहिती केंद्रात या सगळ्याची मांडणी आहे. आधी केंद्र आणि मग पायऱ्या या क्रमाने पाहिल्यास दगडांना अर्थ येतो. उलट केल्यास पाच मिनिटांत आटपून माणूस बाहेर पडतो.

मराठी वाचकाला इथे थांबायला वेगळे कारण आहे. कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने मुंबई बंदरातून गेलेले मजूर थोडे, पण तेही हजारोंच्या संख्येत होते आणि त्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, सावंतवाडीकडची माणसे बरीच होती. कोकणातल्या माणसाला चाकरीसाठी मुंबई ठाऊक होतीच. काहींची वाट त्यापुढे समुद्रपार गेली. त्यांचे वंशज आज बेटाच्या पश्चिमेकडे कास्काव्हेल, वाकोआ या भागांत विशेष आहेत. घरात बहुतेक क्रिओल बोलतात, पण मराठी शाळांतून शिकवली जाते आणि कोकणातल्या जाखडीची आठवण करून देणारा झाकरी नाच तिथे अजून उभा राहतो. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुटी असते. मराठी भाषक तिथे लोकसंख्येच्या मानाने अगदी थोडे आहेत हे लक्षात घेतले तर या सुटीचे मोल कळते.

घाटाला लागूनच जुने लष्करी रुग्णालय आहे. ला बूर्दोनेच्या काळातल्या या इमारतीत आता गुलामगिरीचे संग्रहालय केले आहे. बेटावर बळजबरीने आणलेल्यांची आणि कराराने आलेल्यांची स्मारके अशी शेजारीशेजारी असणे योग्यच आहे. दोन्ही पाहणाऱ्याला करार आणि साखळी यांतले अंतर किती होते याचा अंदाज आपोआप येतो.

इथून परत दक्षिणेकडे वळले की प्लास द'आर्म हा चौक येतो. बंदराच्या बाजूला ला बूर्दोनेचा पुतळा, दुतर्फा उंच पामच्या रांगा आणि टोकाला सरकारवाडा. त्याच्या अंगणात व्हिक्टोरिया राणीचा पुतळा आहे. दुतर्फा बँका असल्याने सकाळी दहानंतर इथे टाय लावलेली माणसे लगबगीने जाताना दिसतात. चौक देखणा आहे, पण छायाचित्र काढण्यापलीकडे तिथे करण्यासारखे काही नाही. सरकारवाड्यामागे थोड्या अंतरावर १८२२ मध्ये सुरू झालेले नाट्यगृह आहे. दक्षिण गोलार्धातल्या जुन्या नाट्यगृहांपैकी एक म्हणून त्याचा लौकिक मोठा असला तरी दुरुस्तीसाठी ते वर्षानुवर्षे बंद राहिले.

ऊन चढू लागले की कंपनी बागेचा आसरा घ्यावा. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या परसबागेचे हे उरलेले रूप. पारंब्या सोडलेले प्रचंड वड, त्यांखाली बाकडी, अधूनमधून कवी-पुढाऱ्यांचे पुतळे. दुपारी कचेरीतली मंडळी डबे उघडतात तेही इथेच. बागेला लागून मॉरिशस इन्स्टिट्यूटची एकोणिसाव्या शतकातली इमारत आहे आणि तिच्या तळमजल्यावर निसर्गेतिहास संग्रहालय. जुन्या पद्धतीच्या काचपेट्या, पेंढा भरलेले पक्षी आणि भले मोठे मासे असे हे संग्रहालय पाहायला पाऊण तास पुरतो. त्यातला अर्धा तास डोडोसमोर जावा.

डोडो हा कबुतराच्या कुळातला, उडता न येणारा मोठा पक्षी फक्त मॉरिशसवर होता. बेटावर माणूस नव्हता आणि शिकारी सस्तन प्राणी नव्हता, म्हणून पंखांची गरज संपली आणि अंडी जमिनीवर घालण्यात धोका उरला नाही. डच आले तेव्हा त्यांच्यासोबत उंदीर, डुकरे आणि माकडेही आली. पक्षी मारून खाल्ले गेले हे खरे, पण घरट्यांवरचा हा हल्ला जास्त घातक ठरला. डोडो पाहिल्याची सर्वसाधारणपणे मान्य असलेली शेवटची नोंद १६६२ ची आहे. म्हणजे माणूस येऊन शतकही झाले नव्हते. नंतर तो असा विस्मरणात गेला की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काहींना तो दंतकथाच वाटू लागला. १८६५ मध्ये जॉर्ज क्लार्क नावाच्या शाळामास्तराला दक्षिणेकडच्या एका दलदलीत हाडांचा साठा सापडला, तेव्हा जगभरच्या संग्रहालयांनी सांगाडे जुळवले. मात्र ते सगळे अनेक पक्ष्यांची हाडे एकत्र करून जोडलेले होते. एकाच पक्ष्याचा असा ज्ञात असलेला पूर्ण सांगाडा पोर्ट लुईत आहे आणि तो शोधणारा माणूस व्यवसायाने न्हावी होता. एतिएन तिरियू याचे नाव. फावल्या वेळात डोंगरांतल्या गुहा आणि कपारी उकरणाऱ्या या गृहस्थाला विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०४ च्या सुमारास, ल पूस डोंगराच्या परिसरात तो मिळाला. काचेआडचा हा सांगाडा पाहिला की वर बाजारात विकायला ठेवलेला गुबगुबीत, हसरा डोडो किती मनचा आहे हे लक्षात येते. खरा पक्षी चांगला रुंद हाडाचा आणि दणकट पायांचा होता आणि त्याची चोच हसण्यासारखी मुळीच नव्हती.

दुपारचे जेवण हॉटेलात बसून करण्याचा हा गाव नाही. मॉरिशसचे खरे राष्ट्रीय अन्न म्हणजे धोल पुरी, आणि ती रस्त्यावर उभे राहूनच खायची. करणारे हात बिहारी मजुरांच्या वंशजांचे आहेत. शिजवलेली डाळ कोरडी वाटून हळद-जिऱ्यासह मैद्याच्या गोळ्यात भरतात आणि पातळ लाटून तव्यावर भाजतात. मराठी माणसाने ती गूळ न घातलेली पुरणपोळी समजावी, म्हणजे चव कळायला वेळ लागत नाही. विकणाऱ्याकडे काचेची पेटी असते, तीत कापडाखाली पुऱ्यांची चळत. गिऱ्हाईक समोर आले की तो बोटांनीच दोन पुऱ्या सुट्या करतो. एकटी पुरी सहसा कोणी मागत नाही. वर मोठ्या पांढऱ्या पावट्यांची आमटी, टोमॅटोची रुगाय म्हणून ओळखली जाणारी चटणीवजा भाजी आणि कोथिंबिरीची चटणी असे तीन फटकारे चमच्याने मारतो, मिरची हवी का एवढे विचारतो आणि कागदात गुंडाळून हातात देतो. हे सगळे दहा-पंधरा सेकंदांत होते. खाताना पुढे वाकावे लागते, कारण रस्सा दुसऱ्या टोकाने गळतो. सदऱ्यावर पिवळा डाग घेऊन फिरणारा माणूस पोर्ट लुईत नवखा हे लगेच ओळखू येते.

शेजारीच गातो पिमा तळलेले असतात. भिजवलेली डाळ, मिरची आणि कोथिंबीर वाटून केलेले हे गोळे आपल्या डाळवड्याचेच भाऊबंद, पण इथे ते लोणी लावलेल्या पावात घालून सकाळच्या न्याहारीलाही चालतात. तळणीशेजारी उकडीच्या चिनी बुलेतचे पातेले आणि नूडल्सची परात असते. एकाच माणसाने हिंदू, मुसलमान, चिनी आणि क्रिओल अशा चार स्वयंपाकघरांचे पदार्थ पाच मिनिटांत उभ्याउभ्या खावेत याचे इथे कोणालाच नवल नाही. वर प्यायला आलुदा. थंड दूध, सब्जा, चायनाग्रासचे किसलेले तुकडे आणि व्हॅनिलाचा अर्क. भारतातून आलेला फालुदा शेवया वगळून हलका झालेला. बाजारातल्या गाळ्यावर मोठ्या भांड्यातून वरून उंच धार धरून तो ग्लासात ओततात.

दुपारची सर्वात तापलेली वेळ कोदां वॉटरफ्रंटवर घालवावी. जुन्या गोदामांच्या जागी १९९६ मध्ये उघडलेली ही दुकाने, कॅसिनो आणि खाणावळींची जागा देखणी आहे आणि कुठल्याही बंदरातल्या अशाच जागेसारखी आहे. तिथे जायचे ते ब्लू पेनी संग्रहालयासाठी. मॉरिशसमध्ये १८४७ मध्ये टपाल तिकिटे निघाली, तेव्हा ब्रिटनखेरीज फारच थोड्या ठिकाणी ती होती. जोसेफ बार्नार्ड नावाच्या स्थानिक कारागिराने एक पेनीचे नारिंगी-तांबडे आणि दोन पेन्सचे निळे अशी दोन तिकिटे कोरली, प्रत्येकी पाचशे छापली. त्यातली बरीचशी गव्हर्नरच्या पत्नीने, लेडी गॉमने दिलेल्या नृत्यसमारंभाच्या निमंत्रणांवर लागली. त्यांवर ‘पोस्ट ऑफिस’ असे कोरले होते. पुढच्या आवृत्तीत ते ‘पोस्ट पेड’ झाले. बार्नार्डने विसराळूपणाने चूक केली अशी गोष्ट शंभर वर्षे सांगितली गेली. ती खोटी आहे, पण चुकीच्या गोष्टीनेच तिकिटांची किंमत वाढवली असे म्हणायला जागा आहे. आज सगळ्या जगात मिळून सत्तावीसच्या आसपास तिकिटे उरली आहेत.

त्यांतले एक पाकीट मुंबईचे आहे. मुंबईतल्या बायबल सोसायटीच्या चिटणीसांना पाठवलेल्या या पत्रावर तांबड्या पेनीची दोन तिकिटे जोडीने लावलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते हिंदुस्थानातल्या एका बाजारात सापडले, हातोहात परदेशी गेले आणि १९६८ मध्ये ३ लाख ८० हजार डॉलरला विकले गेले. बाजारात ज्याने ते विकले त्याला यातले काय मिळाले असेल हे न विचारलेले बरे. ब्लू पेनीमधली दोन तिकिटे मॉरिशसच्या उद्योगसमूहांनी एकत्र येऊन १९९३ मध्ये विकत घेतली आणि १८४७ नंतर ती घरी आली. उजेडाने रंग उडू नये म्हणून ती बहुतांश वेळ अंधारात ठेवतात. दर तासाला काही मिनिटेच दिवा लागतो, बाकी वेळ प्रतिकृती पाहावी लागते. म्हणून आत शिरताना वेळ विचारून घ्यावी आणि तोपर्यंत जुने नकाशे पाहावेत. तेही उत्तम आहेत.

चारच्या सुमारास ऊन कलते तेव्हा रॉयल रस्त्याने जुन्या शहरात शिरावे. कापडाची दुकाने, मसाल्याची दुकाने, त्यांवर लाकडी सज्जे आणि पत्र्याची छपरे असे हे रस्ते आहेत. मधोमध जुम्मा मशीद. १८५० च्या दशकात कच्छच्या मेमन व्यापाऱ्यांनी तिचे बांधकाम सुरू केले आणि पुढे शतकाच्या अखेरपर्यंत ती वाढत राहिली. तांदूळ आणि कापडाच्या व्यापारावर ही मंडळी गबर झाली होती. पांढऱ्या नक्षीच्या भिंतींआड अंगणात देशी बदामाचे झाड आहे. नमाजाच्या वेळा सोडून पाहुण्यांना अंगणात जाता येते. नीट कपडे घातलेले असावेत, एवढीच अपेक्षा. याच शहरातल्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी १९०१ च्या नोव्हेंबरमध्ये ताहेर बाग इथे एका तरुण वकिलाचा सत्कार केला होता. दक्षिण आफ्रिकेहून मुंबईला परतणारे जहाज बंदरात थांबले म्हणून मोहनदास गांधी मॉरिशसमध्ये उतरले होते.

मशिदीपासून पुढे लगेच चिनी वस्तीची लाल कमान दिसते. दक्षिण चीनमधून आलेल्या हाक्का आणि कँटनी कुटुंबांची ही जागा. एके काळी बेटावरच्या खेड्याखेड्यातले वाण्याचे दुकान चिनी माणसाचे असे आणि त्याचा माल इथून जाई. तरुण पिढी परदेशी गेल्याने अनेक दुकानांना कायमचे टाळे लागले आहे. गेल्या काही वर्षांत भिंतींवर मोठमोठी चित्रे काढून वस्तीला उठाव देण्याचा प्रयत्न झाला आहे, तरी तिचा जीव तिळाच्या गोड गोळ्यांत आणि वाफाळत्या सूपमध्येच आहे.

डोंगराच्या पायथ्याशी शां द मार्स हे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान आहे. १८१२ मध्ये इथे शर्यती सुरू झाल्या. कर्नल ड्रेपर या इंग्रज अधिकाऱ्याने त्या सुरू केल्या, त्या हरलेल्या फ्रेंच जमीनदारांशी मैत्री जुळावी या हेतूने. मैत्री किती जुळली ठाऊक नाही, पण पैजेचे वेड मात्र सगळ्या बेटाला लागले आणि ते अजून उतरलेले नाही. धावपट्टी जेमतेम १,३०० मीटरची असल्याने वळणे अवघड आहेत. १२ मार्च १९६८ ला याच मैदानावर ब्रिटिशांचा झेंडा उतरला आणि मॉरिशसचा चौरंगी झेंडा चढला. शर्यती नसतील त्या संध्याकाळी इथे लोक फिरायला येतात.

मैदानाच्या वर ॲडलेड किल्ला आहे. इथे त्याला नुसते सिटाडेल म्हणतात. १८३४ ते १८४० मध्ये काळ्या बेसाल्ट दगडात बांधलेला हा किल्ला समुद्राकडच्या शत्रूसाठी होता असे वाटते, पण गुलाम सुटल्याने चिडलेले फ्रेंच जमीनदार उठाव करतील ही ब्रिटिशांची धास्ती त्यामागे होती. उठाव झाला नाही आणि तोफांना काम पडले नाही. चढ दमवणारा असला तरी छोटा आहे. वरून सबंध दिवसाची वाट एका नजरेत येते. खाली शर्यतीचे मैदान, पलीकडे मशिदीचे मनोरे, धक्क्यावरचे कंटेनर आणि मागे ल पूस डोंगराचा अंगठ्यासारखा सुळका. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन बीगल जहाजातून इथे आला होता, तेव्हा तो या सुळक्यावर चढून गेला.

परतीसाठी अंधाराची वाट पाहू नये. शहर रिकामे होऊ लागले की बसही कमी होतात. उत्तरेच्या गाड्या घाटाजवळच्या इमिग्रेशन चौकातून आणि दक्षिणेच्या व्हिक्टोरिया स्थानकातून सुटतात. पठारावरच्या गावांसाठी मेट्रो सोयीची आहे. भारत सरकारच्या मदतीने आणि मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोच्या बांधकामाने ही हलकी रेल्वे २०२० मध्ये पोर्ट लुई ते रोझ हिल अशी सुरू झाली आणि २०२२ मध्ये क्युरपीपपर्यंत गेली. शहराबाहेर सेंत-क्रुआ इथे पेर लाव्हाल या धर्मगुरूची समाधी आहे. ८ सप्टेंबरच्या रात्री हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे पायी तिथे जातात. उत्तरेला अकराएक किलोमीटरवर पाम्पलमूसची वनस्पती बाग आहे आणि तिथल्या तळ्यातली परातीएवढी कमळपाने प्रसिद्ध आहेत. ही दोन्ही ठिकाणे याच दिवसात कोंबली तर ना बाजार नीट पाहून होतो ना बाग, म्हणून त्यांना निराळा दिवस द्यावा.